दुधाची साक्ष

गावच्या जमीनदाराच्या, अरबाबच्या घरून साखरेचा सुळका आला तेव्हा नाझबू अंगणात लंगोट वाळत घालत होती. हातभर उंचीचा, लाल चकचकीत कागदात गुंडाळलेला सुळका. तिच्या सासूने, बीबी माहगुलने, तो दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांना लावला आणि आणणाऱ्या बाईच्या देखतच रडायला सुरुवात केली.

"अगं, बघत काय उभी राहिलीस? मागणं आलंय. अरबाबच्या घरचं! कुंभाराच्या दारात!"

"मागणं? कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? घरात मुली किती आहेत तुला?"

मुलगी एकच होती. ती पाळण्यात झोपली होती, मुठी कानांजवळ घेऊन. निलाबला अजून महिनासुद्धा झाला नव्हता. मानेच्या वळीत दूध साचून तिथे लालसर चट्टा उमटला होता. नाझबू सकाळपासून त्याला बदामाचं तेल लावत होती.

आणणारी बाई निरोप सांगून गेली. चाळिसावा झाला, न्हाणं झालं, की दुसऱ्या दिवशी अरबाबची आई बीबी हाजी स्वतः येणार. मुलीच्या अंगावर शाल घालणार. मुल्लासाहेब फातिहा पढणार. निलाबचं नाव अरबाबच्या मुलाच्या, बहरामच्या नावाला बांधलं जाणार. मग मुलगी वाढायची आईबापांच्या घरात, पण असायची त्यांची.

एवढ्या मोठ्या घराला कुंभाराची मुलगी कशाला हवी, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. अरबाबच्या बायकोची तीन मुलं वर्षाच्या आत गेली होती. चौथा बहराम, सव्वा वर्षाचा, तेवढा तगला होता. त्याच्या नुसत्या शिंकेने ते घर हलायचं. बीबी हाजी डोंगरापलीकडच्या दर्ग्यावर जाऊन आली, आणि तिथल्या मुजावराने तिला सांगितलं: ज्या घरात मुलं जगतात, त्या घरच्या मुलीच्या नावाला याचं नाव बांधा. नाझबूची तिन्ही मुलं जगली होती. थोरला वली आणि मधला मुलगा तर दिवसभर चिखलात लोळायचे आणि तरी त्यांचे गाल डाळिंबासारखे.

नाझबूने हातातला लंगोट दोरीवर टाकला आणि ती थेट भट्टीकडे गेली.

खैरुद्दीन चाकावर होता. पायाने चाक फिरवत, ओठ मिटून, वाडग्याची कड वर ओढत. बोलायला तो मंद, हाताला चलाख.

"तुम्ही हो म्हणालात?"

चाक थांबलं नाही. "मला विचारलं कुठे त्यांनी? सांगितलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, आपली मेहेरबानी."

"मेहेरबानी! वलीचे बाबा, अजून ती मान धरत नाही. तिला अजून माझा चेहरासुद्धा नीट ओळखू येत नाही. आणि तुम्ही तिला देऊन मोकळे झालात?"

"हळू बोल." त्याने मागे पाहिलं. "मी काय म्हणायला हवं होतं ते तू सांग. ही भट्टी कुणाच्या जमिनीवर आहे? जाळायची झुडपं कुणाच्या डोंगरावरून आणतो मी? नाही म्हटलं असतं तर पुढच्या गुरुवारी भांडी कुठे भाजणार होतो? तुझ्या तंदूरमध्ये?"

"झरमीनाला विसरलात?"

आता मात्र चाक थांबलं. वाडग्याची कड एका बाजूला कलली आणि खैरुद्दीनने ती तशीच कलू दिली.

झरमीना नाझबूची थोरली बहीण. पाच वर्षांची असताना तिचं नाव शेजारच्या खोऱ्यातल्या एका मोठ्या घरात बांधलं होतं. मुलगा मोठा झाला, इराणला गेला, तिथून आणखी पुढे गेला, तिकडेच संसार थाटून बसला. इथे झरमीनाला ते घर सोडेना. आमचं नाव आहे तिच्यावर, म्हणायचे. एकदा त्यांनी तिला नेलं, ती गेलीच. निकाह नाही, नवरा नाही. रोज वीस माणसांची नान भाजायची आणि दाराजवळ बसून जेवायचं. गेल्या ईदला नाझबू भेटायला गेली, तेव्हा झरमीनाने बाही खाली ओढून मनगटावरचे तंदूरचे डाग झाकले होते. डोक्यावरची ओढणी सरकली तर कपाळाशी केस पांढरे. नाझबूपेक्षा ती चारच वर्षांनी मोठी होती.

"बहराम चांगला निघेल," खैरुद्दीन म्हणाला. "सगळेच काही इराणला जात नाहीत."

"आणि नाही निघाला तर? निघाला तरी? त्या घरात ती कुंभाराची मुलगी म्हणूनच जाणार. सुनेचं नाव आणि मोलकरणीचं काम, तेही बिनपगारी."

"मग मी काय करू, नाझबू?" त्याने कललेला वाडगा मुठीत चुरगळून मातीचा गोळा केला. "तूच सांग. सुचत असेल तर सांग."

तिला तेव्हा काही सुचत नव्हतं.

सुचलं ते न्हाणाच्या दिवशी, हमामखान्यात. चाळिसाव्याचं न्हाणं म्हणजे गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका. वाफेत एकमेकींच्या पाठी घासताना कुणाला कुणाचं काही म्हणजे काही राखून ठेवायचं नसतं. कढत पाणी अंगावर पडलं आणि नाझबूच्या दोन्ही बाजूंनी दुधाच्या धारा लागल्या. शेजारची जुलेखा खो खो हसली.

"अगं बाई, झरा फुटलाय की काय तुला! अर्ध्या गावाला पुरेल."

दुसरी म्हणाली, "पुरेल, पण सांभाळ हं. कुणाच्या रडत्या पोराला मायेने घेऊन बसशील, आणि उद्या मुलीला नवरा मिळायचा नाही. गावभर नुसते भाऊच भाऊ!"

सगळ्या हसल्या. नाझबूही हसली. मग तिचं हसू तोंडावरच थांबलं.

घरी येताना निलाबला छातीशी घट्ट धरून ती भराभर चालली. एकाच बाईचं दूध प्यालेले दोघे भाऊ-बहीण. सख्ख्यासारखे. त्यांचा निकाह कुठलाच मुल्ला लावणार नाही, लावलाच तर ते पाप. मूल दोन वर्षांच्या आतलं हवं, आणि एकदा प्यालं तरी पुरे. हे या गावातल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं, जसं कुठल्या विहिरीचं पाणी खारं ते ठाऊक असतं. पण नुसतं पाजून भागत नव्हतं. बघणारं माणूस हवं होतं. एक पुरुष आणि दोन बायका. त्यांनी उभं राहून पाहिलं म्हणायला हवं. त्याशिवाय तिच्या बोलण्याला काय किंमत? मुलगी द्यायची नाही म्हणून बाई खोटं बोलते, असंच म्हणतील.

आणि कुणी साक्ष दिलीच नाही तर? तर नाव बांधलं जाणार आणि दूधही पोटात गेलेलं असणार. पुढे एक दिवस तिच्या मुलीचा निकाह तिच्याच भावाशी लागणार, आणि ते फक्त नाझबूला ठाऊक असणार. विचारानेच ती वाटेत थांबली. निलाब चुळबुळली. तिने शालीत डोकं घालून तिच्या टाळूचा वास घेतला, तरी तो विचार जाईना.

नवऱ्याला सांगावं? त्याने तिला नक्की अडवलं असतं. आणि समजा नसतं अडवलं, तरी त्याच्या चेहऱ्यावर कट लिहिलेला दिसला असता. खैरुद्दीनला काही लपवता येत नसे. ती गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारची नमाज झाल्यावर पाहुणे आले. पुरुष बाहेरच्या खोलीत बसले: अरबाब मिर्झा यूनुस, मुल्ला नझरुल्ला, खैरुद्दीन. आतल्या खोलीत बायका. दोन्हींच्या मधे जाड पडदा. आत शेकायला संदलीचं बुटकं मेज मांडलं होतं. खाली निखारे, वर रजई, आणि रजईत पाय घालून बसलेली बीबी हाजी. हाडापेराने मोठी, हातात तसबीहची माळ, नजर सगळीकडे. तिच्या मागे तिची मोलकरीण. पलीकडे अरबाबची बायको फरहत, मांडीवर बहराम.

फरहत काबूलची. तिचे वडील तिथल्या सरकारी कचेरीत होते. ती गावातल्या कुणाकडे सरळ बघत नसे. तिने आल्याआल्या बसायच्या गादीवर स्वतःचा रुमाल अंथरला होता.

"मुलगी दाखव," बीबी हाजी म्हणाली.

बीबी माहगुलने निलाबला पुढे केलं. बीबी हाजीने तिचं दुपटं उघडलं, पाय ओढून पाहिले, तळवे दाबले, कान मागे वाकवून पाहिले. बाजारात कोकरू पाहतात तसं. निलाबने ओठ काढले. नाझबूची बोटं मांडीवर वळली.

"रंग आईवर गेलाय," बीबी हाजी म्हणाली. "चालेल. हाडं मजबूत आहेत. तुझी दोन्ही पोरं कधी आजारी पडली का गं?"

"गेल्या साली खोकला झाला होता, बीबी हाजी."

"खोकला कुणाला होत नाही!" बीबी माहगुल मधेच बोलली. "आमच्या घरी मुलं दगडासारखी, आपल्या दुव्याने."

फरहतने तोंड फिरवलं. "दगडासारखी," ती आपल्याशीच पुटपुटली.

बहराम मघापासून किरकिर करत होता. त्याला दाढा येत होत्या. फरहतने चहात बुडवलेलं बिस्किट त्याच्या तोंडाला लावलं, त्याने ते थुंकलं. तिने दुसरं लावलं. तो डोकं इकडेतिकडे घासू लागला, तिच्या कुडत्याशी तोंड नेऊन धडपडू लागला, आणि काही न मिळाल्यावर त्याने जो टाहो फोडला त्याने पडद्यापलीकडचं बोलणं थांबलं.

"बाईला दूध नाही," बीबी हाजीने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "गेल्या महिन्यात ताप आला आणि आटलं. शहरातल्या बायका! तिघं गेली, तरी अजून शिकली नाही."

फरहतच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती मुलाला थोपटत राहिली, जरा जोरातच.

नाझबूच्या अंगावर ओल पसरली. कुणाचंही मूल रडलं तरी तिचं दूध उतरायचं. तिने शाल पुढे ओढली आणि उठून उभी राहिली.

"द्या, मी जरा स्वयंपाकघरात फिरवून आणते. चुलीचा जाळ बघून रमेल. मुल्लासाहेबांना बोलता येत नाहीये."

"ने, ने," बीबी हाजी म्हणाली. निलाब अजून तिच्याच मांडीवर होती.

फरहतने मूल सोडताना विचारलं, "हात धुतलेत?"

"धुतलेत, खानुम."

तरीही फरहत तिच्या मागोमाग आलीच. मुलाला एकटं सोडायची तिला सवयच नव्हती.

स्वयंपाकघरात पुलावाचं पातेलं दमाला लावलेलं होतं. पडदा सारून बीबी माहगुलही तिथे पोचली, दाराकडे पाठ करून झाकणाखालचा कपडा सारखा करू लागली, आणि तिथूनच सवयीने ओरडली, "खैरू, ए खैरू! चहा झालाय, किटली घेऊन जा!"

नाझबू भिंतीशी बसली. बहराम तिच्या खांद्यावर डोकं आपटत होता, त्याचं नाक वाहत होतं, कानशिलं तापली होती. निलाबपेक्षा केवढा जड. तिने एकदा दाराकडे पाहिलं. बाहेर खैरुद्दीनची पावलं ऐकू आली. मग तिने शाल बाजूला केली आणि मुलाला छातीशी घेतलं.

एक क्षण तो गोंधळला. लगेच त्याने असं घट्ट धरलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घोट. पुन्हा घोट. त्याच्या घशाचा आवाज त्या छोट्या खोलीत स्वच्छ ऐकू येत होता.

"काय करतेयस हे?" फरहत म्हणाली.

"भुकेला आहे, खानुम."

"मला बावळट समजू नकोस." फरहत दोन पावलं पुढे आली. तिचे हात मुलाकडे गेले होते, ते मधेच थांबले. "काय केलंस ते कळतंय का तुला?"

"कळतंय."

किटलीसाठी वाकलेला खैरुद्दीन दारातच थबकला. फरहतने झटकन तोंडावर ओढणी घेतली आणि भिंतीकडे वळली. खैरुद्दीनने बायकोकडे पाहिलं, तिच्या मांडीवरच्या मुलाकडे पाहिलं. नाझबूने शाल ओढली नाही. तिने नवऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि तो हटवला नाही.

तेवढ्यात बीबी माहगुल वळली. तिच्या हातातला झारा खाली पडला.

"या अल्ला! नाझबू! सोड त्याला. तोंडातून काढ आधी!"

"बीबीजान, त्याने गिळलंय."

"अगं सटवे, घर बुडवलंस गं! भट्टी गेली, छप्पर गेलं. चालत आलेलं नशीब..." ती दबक्या आवाजात ओरडत होती, आणि दबका म्हणूनच तो आवाज जास्त भयंकर वाटत होता. मग तिने स्वतःला सावरलं. "ऐका. कुणी काही पाहिलं नाही. खैरू, तू काही पाहिलं नाहीस. किटली उचल आणि जा. खानुम, आपण मोठ्या मनाच्या. बाळंतिणीचं डोकं फिरतं. ही पोर आहे. आपणही काही पाहिलं नाही."

खैरुद्दीनने किटली उचलली. तिचं बूड कढत होतं, त्याने ते कापडाशिवायच धरलं होतं. तो बाहेर गेला.

फरहत अजून भिंतीकडे तोंड करून होती. मग ती खाली बसली, नाझबूच्या अगदी समोर, आपल्या मुलाच्या हलणाऱ्या गालाकडे बघत.

"मी त्याच्यासाठी काबूलची मुलगी बघणार होते," ती म्हणाली. "शिकलेली. चांगल्या घरची."

"बघा ना, खानुम."

"तुझं दूध आता त्याच्या हाडात जाणार. जन्मभर. कुंभारणीचं."

"गरम आहे. आत्ता त्याला तेवढंच हवंय."

फरहतने ओठ आवळले. बहरामची मूठ सैल पडली होती आणि डोळे मिटायला लागले होते. एवढ्यात आतून बीबी हाजीचा आवाज आला. कुठे गेल्या सगळ्या, मुल्लासाहेब खोळंबलेत. फरहतने मुलाला उचललं, त्याच्या हनुवटीवरचं दूध आपल्याच ओढणीने पुसलं आणि ती आत निघून गेली.

नाझबूला त्या पाठीवरून काही म्हणजे काही समजलं नाही.

आत शाल उलगडली होती. हिरवी, काठाला जर असलेली. निलाब त्या शालीच्या मधोमध, हात हवेत हलवत. पडद्यापलीकडून मुल्लासाहेबांचा आवाज आला. सवयीने, भराभर, जसं ते दरवेळी विचारत.

"मुलीचा बाप राजी?"

"राजी," अरबाबच म्हणाला. "मी बोललोय त्याच्याशी."

"दोघांमधे काही अडसर? रक्ताचा, दुधाचा?"

या प्रश्नाला कधीच कुणी उत्तर देत नाही. लोक नुसती मान हलवतात आणि हात फातिहासाठी वर जातात. आत बीबी हाजीचे हात वर गेलेही होते. बीबी माहगुलने डोळे मिटून आपले हात वर केले. नाझबूने केले नाहीत. बोला, ती मनात म्हणत होती. वलीचे बाबा, बोला.

पडद्यापलीकडे कुणीतरी चहाचा पेला खाली ठेवला.

"आहे," खैरुद्दीन म्हणाला.

"काय आहे?" अरबाब.

"दूध आहे, अरबाबसाहेब." खैरुद्दीनचा आवाज चिरका निघाला. "आपला मुलगा माझ्या बायकोचं दूध प्यालाय. आत्ता. मी पाहिलं."

पडद्यापलीकडे कुणीतरी उभं राहिलं. "तुझ्या भट्टीतली माती खायला लावीन तुला, कुंभारड्या. मुलगी द्यायची नाही तर तसं सांगायचं. माझ्या तोंडावर खोटं?"

"मिर्झा, बस," मुल्लासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजातली घाई गेली होती. "ही गोष्ट रागाची नाही. आणखी कुणी पाहिलं? एका पुरुषाच्या साक्षीने भागत नाही. दोन बायका हव्यात."

आतल्या खोलीत निखाऱ्यांवरची राख ढासळल्याचा आवाज आला. बीबी हाजीची तसबीह थांबली होती.

"मी पाहिलं," फरहत म्हणाली. तिने ते पडद्याकडे तोंड करून, स्पष्ट, काबूलच्या बोलीत म्हटलं. "मी मुलाची आई आहे, मी तिथेच होते."

"तू?" बीबी हाजीने तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर जमिनीत गेली असती. "तू बसून बघत राहिलीस?"

"तो भुकेला होता, बीबीजान. आपणच म्हणालात ना, मला दूध नाही."

बीबी हाजीचा जबडा हलला. मग तिने मान वळवली, अगदी सावकाश, बीबी माहगुलकडे.

"माहगुल. तू होतीस स्वयंपाकघरात. तू काय पाहिलंस?"

सगळं येऊन त्या एका म्हातारीवर टेकलं होतं. तिला हे नातं किती हवं होतं ते नाझबूइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नवरा गेल्यापासून गावात कुणी तिला वर, मानाच्या जागी बसवलं नव्हतं. लग्नात जेवणाचं पान वाढताना तिची पाळी शेवटी. गेला आठवडाभर ती शेजारणींशी बोलताना 'आमचे अरबाब' म्हणत होती. तिने नुसतं नाही म्हटलं की झालं. एक पुरुष, एक बाई. साक्ष अपुरी.

बीबी माहगुलने हात खाली घेतले. तिने शालीवरच्या निलाबकडे पाहिलं. मग वर, बीबी हाजीकडे.

"माझे डोळे फुटले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. "पण पाहिलं. आता भाऊ-बहिणीला नवरा-बायको म्हणून बसवू का मी? कबरीत काय तोंड दाखवू? पाहिलं मी. गिळताना पाहिलं."

पलीकडे मुल्लासाहेबांनी दीर्घ श्वास सोडला. "मग झालं. हे दोघे भाऊ-बहीण. यात आता कुणी काही करू शकत नाही."

अरबाब बोलला ते बायकांनाही ऐकू आलं. उद्यापर्यंत भट्टी रिकामी. डोंगरावर पाय ठेवला तर तंगडी मोडीन. खैरुद्दीन 'बरं' म्हणाला, एवढंच. आणि नाझबूला त्या 'बरं'ने जे झालं ते तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही.

पण बीबी हाजी उठली नव्हती. ती बहरामकडे बघत होती. तो फरहतच्या मांडीवर गाढ झोपला होता, तोंड अर्धं उघडं, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा बुडबुडा. महिनाभरात तो दिवसा असा झोपला नव्हता.

"मिर्झा!" तिने पडद्याकडे पाहून हाक मारली. "तोंड आवर. माझ्या नातवाच्या दाईला कुणी घराबाहेर काढायचं नाही. भट्टी आहे तिथेच राहील."

मग ती नाझबूकडे वळली. नजरेत मेहेरबानी वगैरे काही नव्हतं.

"तू हुशारी केलीस. मला कळत नाही असं समजू नकोस. पण दूध दिलंस ना? मग अर्धवट सोडायचं नाही. त्याला दोन वर्षं पुरी होईपर्यंत रोज यायचं. सकाळी आणि तिसऱ्या प्रहरी. बर्फ पडो, ताप येवो. त्याची हाडं तुझ्या पोरांसारखी झाली पाहिजेत. नाही झाली, तर मग मी आणि तू."

"आणि माझी मुलगी?" नाझबूने विचारलं.

"तुझी मुलगी तुझी," बीबी हाजी म्हणाली आणि शाल ओढून घेतली. निलाब उघड्या चटईवर पडली आणि रडू लागली. नाझबूने तिला उचललं, पोटाशी धरलं, पुन्हा पुन्हा तिचं डोकं हुंगलं.

पाहुणे गेल्यावर पुलाव कुणी खाल्ला नाही. बीबी माहगुल कोपऱ्यात तोंड फिरवून बसली. खैरुद्दीन हात पाण्याच्या घंगाळात बुडवून बसला होता. तळवे भाजून लाल झाले होते.

"मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुमच्या तोंडावर दिसलं असतं."

"दिसलं असतं," तो म्हणाला. मग हात पाण्याबाहेर काढून: "आत्ता साक्ष पुरी झाली. पण मी बोललो नसतो तर, नाझबू?"

तिने त्याच्या हातांवर तूप लावलं.

सकाळी ती निघाली. निलाब पाठीला बांधलेली, पायांत खैरुद्दीनचे जुने बूट. रात्री वाऱ्याने वेलींची पानं गळून वाट भरली होती. अरबाबच्या फाटकाशी मोलकरणीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाजूचं दार दाखवलं. आत मोठी खोली. पलीकडच्या टोकाला गाद्या, लोड, शेगडी. अलीकडे दाराशी पायताणं काढायची जागा आणि एक उघडी चटई. नाझबू चटईवर बसली. पाठीवरून निलाबला सोडून तिने मांडीवर घेतलं.

फरहत आली. बहरामने नाझबूला पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. फरहतचा चेहरा आखडला. क्षणभर तिने मुलाला सोडलंच नाही.

"इथे काय बसलीस?"

"बरं आहे इथे, खानुम."

"बरं आहे म्हणे. दारात वारा आहे." फरहत खोलीच्या वरच्या टोकाकडे गेली, शेगडीजवळची गादी पायानेच सरळ केली आणि मागे न बघता म्हणाली, "माझ्या मुलाला पायताणांत बसून पाजशील काय? वर ये."

मोलकरीण बघत होती. बीबी हाजी दारातून बघत होती. नाझबू उठली. खोली लांबच लांब होती आणि गालिचा तिच्या पायांखाली इतका मऊ की पाऊल नीट पडेना. एका हातावर निलाब होती. वर पोचल्यावर तिने दुसरा हात बहरामसाठी पुढे केला.